कूलरच्या टाकीचा निरोप

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरात मागच्या खोलीच्या खिडकीला लोखंडी कूलर बसवलेला आहे. बाबा त्या खोलीत झोपतात. गुढीपाडवा झाला की ताट्या (कूलरच्या बाजूंचे, पाण्याने भिजणारे पडदे) बदलायच्या, टाकी घासून घ्यायची, आणि मग मृगाचा पाऊस पडेपर्यंत कूलरला सुट्टी नाही. नागपूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की आमची भरलेली टाकी पाच-सहा तासांत तळाला लागते. पाणी संपलं की पंप कोरडा फिरतो आणि थोडा वेळ तसाच फिरला की जळतो. मागच्या दोन उन्हाळ्यांत आमचे तीन पंप गेले.

पंपाचं एक वेळ ठीक आहे, नवा आणता येतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत. रात्री अडीच-तीनला उठायचे, टॉर्च घ्यायचे आणि मागच्या अंगणात टाकी बघायला जायचे. ओली फरशी, अंधार, आणि हाताशी लोखंडी कूलर. कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याची बातमी विदर्भात उन्हाळ्यात वाचायला मिळतेच. मी कितीदा म्हटलं, मला उठवत जा. त्यांचं उत्तर ठरलेलं: “तुले सकाळी कॉलेज असते, काहून उठवू?”

मी गणित शिकवते. इलेक्ट्रॉनिक्स माझा विषय नाही, पण भाचा नववीत असताना त्याच्यासोबत अर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारी छोटी सर्किटची पाटी, शिकायला बसले आणि तेव्हापासून ते वेड सुटलं नाही. तो आता अकरावीत आहे, वरच्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघांनी ठरवलं की टाकीतल्या पाण्याची पातळी मोजायची, तिचा बिनतारी निरोप आत स्वयंपाकघरात आणायचा आणि पाणी कमी झालं की तिथे बझर वाजवायचा. स्वयंपाकघराला लागूनच माझी खोली आहे, म्हणजे बझर मला ऐकू येणार. पाण्याचा आणि खोलीचा पारा मोजायला दोन सेन्सर त्यात असावेत, असा भाच्याचा आग्रह होता. मधे दोन भिंती, अंतर साधारण ११ मीटर. ९ एप्रिलला सुरुवात केली, १३ मेला काम नीट चालू झालं. मधल्या सगळ्या दिवसांची नोंद मी एका दोनशेपानी वहीत ठेवली होती, तिच्यावरूनच हे लिहिते आहे. असंच काही करताना कुणी अडलं असेल तर त्याचे चार दिवस वाचावेत, एवढीच इच्छा.

सामान बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणलं. दोन अर्डुइनो नॅनो (अर्डुइनोचा छोटा प्रकार), दोन एनआरएफ२४एल०१ मोड्यूल (बिनतारी निरोप पाठवणारे-घेणारे छोटे रेडिओ), दोन डीएस१८बी२० तापमान सेन्सर, पातळीसाठी एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर, जंपर वायरी. एनआरएफचे दोन प्रकार मिळतात. एक छोटा, ज्याच्या पाटीवरच नागमोडी अँटेना छापलेला असतो, आणि दुसरा लांब काळ्या अँटेनावाला, ज्यात सिग्नल मोठा करणारी जास्तीची चिप असते. मधे भिंती आहेत म्हणून मी लांब अँटेनावाला घेतला. पुढचा अर्धा त्रास या निवडीतूनच आला, पण निवड चूक होती असं मी अजूनही म्हणणार नाही.

पहिल्या रात्री काहीच चाललं नाही. दोन्ही मोड्यूल मुके. आरएफ२४ नावाची जी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, आहे, तिच्यात मोड्यूलच्या आतली सगळी मांडणी छापून दाखवायची सोय आहे. ती चालवली तर पत्त्यांच्या जागी, चॅनलच्या जागी, सगळीकडे शून्यं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अशी सगळी शून्यं किंवा सगळीकडे एकच भरलेला आकडा दिसला, तर रेडिओपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. नॅनो आणि मोड्यूल यांच्यातलं तारांवरचं बोलणंच होत नाही आहे. अँटेना फिरवून, अंतर कमी करून काही उपयोग नसतो. आमची चूक साधी होती. आधी आम्ही ब्लूटूथ मोड्यूल जोडलेलं, त्यात एकाचा टीएक्स (पाठवायची पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घ्यायच्या पिनेला) उलटा जोडतात. तीच सवय हाताला. इथे मात्र मोसीला (नॅनोकडून मोड्यूलकडे जाणारी तार) मोसी आणि मिसोला (उलट येणारी) मिसो, सरळ जोडायचं असतं. नॅनोवर ११ नंबर मोसी, १२ मिसो, १३ घड्याळाची तार. तारा सरळ केल्या आणि पत्ते दिसू लागले. रात्री साडेअकराला जेवणाच्या टेबलावर एका मोड्यूलने २०० निरोप पाठवले आणि दुसऱ्याला २००च्या २०० मिळाले. भाचा उडी मारूनच उठला.

दुसऱ्या दिवशी एक नॅनो कूलरपाशी, एक स्वयंपाकघरात. १००पैकी ३१ पोचले.

मला वाटलं, भिंती. आमचं घर जुनं आहे, भिंती जाड. म्हणून प्रोग्रॅममध्ये मोड्यूलची ताकद वाढवली. सगळ्यात खालच्या पायरीवर होती, ती सगळ्यात वर नेली. आता १००पैकी १२ पोचले.

हा आकडा मी तीनदा तपासला. जास्त जोरात हाक मारली तर कमी ऐकू येतं, असं कसं होईल? त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी इतक्या गोष्टी बदलल्या की त्या सांगतानाही थकायला होतं. चॅनल बदलला, वेग बदलला, अँटेना बदलले, मोड्यूलची अदलाबदल केली, एक तर सदोष म्हणून बाजूलाही ठेवलं. नंतर कळलं की ते धडधाकट होतं. एका वेळी चार गोष्टी बदलल्यामुळे कशाने काय झालं हे कळायचा मार्गच आम्ही बंद करून टाकला होता. त्याच रात्री वहीला उभ्या रेघा मारल्या: तारीख, वेळ, काय बदललं, १००पैकी किती. “काय बदललं” या रकान्यात एकच गोष्ट लिहायची, हा नियम. गणिताच्या वर्गात मी हेच रोज सांगते, एक चल बदला, बाकीचे धरून ठेवा. घरी मात्र तो विसरले होते.

उत्तर बर्डीवरच्या दुकानात मिळालं. काउंटरवरच्या भाऊंना मी आकडे दाखवले. त्यांनी वही बघितली, मान वर न करताच विचारलं, “ताई, पॉवर कुठून देऊन राहिले?”

“नॅनोच्या तीन-पॉइंट-तीनच्या पिनवरून.”

“मग तेच. त्या पिनमध्ये जीव किती असते? आधी कपॅसिटर लावा, बाकीचं मग पाहू.”

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. हा मोड्यूल ३.३ व्होल्टवर चालतो, ३.६च्या वर दिलं तर जातो. लांब अँटेनावाला मोड्यूल पूर्ण ताकदीने बोलतो तेव्हा क्षणभर ११५ मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढतो. नॅनोवरची ३.३ची पिन मुळात यूएसबीच्या चिपमधून आलेली असते, आणि आमच्या स्वस्त नॅनोत ती चिपही साधी. अस्सल बोर्डावरसुद्धा त्या पिनकडून ५० मिलिअँपिअरच्या वर अपेक्षा करायची नसते. म्हणजे मोड्यूल बोलायला तोंड उघडणार, व्होल्टेज खाली बसणार आणि वाक्य अर्ध्यातच तुटणार. ताकद वाढवली की करंट वाढतो, आणि करंट वाढला की व्होल्टेज आणखी बसतं. १२चं कोडं सुटलं. टेबलावर ताकद सगळ्यात कमी ठेवली होती म्हणून २०० निरोप पोचले होते.

मी मल्टिमीटर लावला नव्हता असं नाही. लावला होता आणि तो ३.२८ दाखवत होता, अगदी स्थिर. त्या आकड्यावर विश्वास ठेवून मी पाच दिवस पॉवरकडे बघितलंच नाही. पण निरोप जायला एक-दोन मिलिसेकंद लागतात आणि मल्टिमीटर आकडा दाखवतो तो बऱ्याच मोठ्या वेळाची सरासरी काढून. इतकी छोटी बुडी त्याला दिसणारच नाही. क्षणाक्षणाचं व्होल्टेज रेघेत दाखवणारा ऑसिलोस्कोप असता तर पहिल्या तासात दिसली असती. तो घरी नसतो, म्हणून दुसरी परीक्षा सांगते: ताकद कमी करून बघा. कमी ताकदीवर जास्त निरोप पोचले तर दोष भिंतीत नाही, पॉवरमध्ये आहे. या परीक्षेला पैसे लागत नाहीत.

कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवून अडल्या क्षणी देणारा भाग. आमचा १० मायक्रोफॅरडचा. तो नॅनोजवळ लावून भागत नाही, मोड्यूलच्या पायाशीच हवा. मोड्यूलला दोन ओळींत चार-चार अशा आठ पिना असतात, आणि कोपऱ्यातल्या दोन लगतच्या पिना म्हणजे ग्राउंड आणि पॉवर. कपॅसिटरच्या अंगावर ज्या बाजूला फिकी पट्टी असते तो पाय ग्राउंडला. भाच्याने सोल्डर केलं. पुन्हा मोजलं तर ५८. सुधारणा होती, पण जेवढी व्हायला हवी तेवढी नव्हती, आणि मोड्यूलला जरा हात लागला की आकडा बदलत होता.

म्हणून बाबांचं पेपर वाचायचं भिंग आणलं आणि टेबललॅम्पखाली तो जोड बघितला. चांगला जोड चकचकीत असतो, पिनेला चिकटून उतारासारखा खाली उतरलेला. हा जोड राखाडी होता, खरखरीत, आणि पिनेभोवती गोळीसारखा बसलेला. गोळी आणि पिन यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ होती. सोल्डर पिनेला धरलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. भाच्याने आधी कथील सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून मग ते पिनेवर ठेवलं होतं. मी त्याला दाखवलं: आधी टोक पिनेला टेकवायचं, मनात दोन मोजायचे, पिन तापली की तार पिनेला लावायची, टोकाला नाही. कथील आपोआप आत ओढलं जातं. त्याने जुना गोळा काढला, पुन्हा केलं. भिंगाखाली तो नवा जोड पाण्याच्या थेंबासारखा चमकला. आकडा ८३.

उरलेल्यासाठी नॅनोच्या ३.३ पिनेचा नाद सोडला. एनआरएफसाठी एक छोटी पाटी मिळते, तिच्यावर एएमएस१११७ हा, व्होल्टेज ३.३वर स्थिर ठेवणारा, रेग्युलेटर बसवलेला असतो. मोड्यूल तिच्या खाचेत बसवायचा आणि पाटीला ५ व्होल्ट द्यायचे. ५ द्यायचे, ३.३ नाही, हे ठळक लिहिते. या रेग्युलेटरला बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजपेक्षा साधारण एक-सव्वा व्होल्ट जास्त आत लागतो. ३.३ दिले तर मोड्यूलला जेमतेम दोन मिळतात आणि आपण पुन्हा मोड्यूलला नावं ठेवत बसतो. दोन्ही टोकांना पाट्या बसवल्या. २१ एप्रिलच्या रात्री, कूलर बंद असताना, पूर्ण ताकदीवर १००पैकी ९९. वहीत त्या आकड्याभोवती भाच्याने लाल गोल केला आहे.

पातळीच्या सेन्सरवर जास्त वेळ घालवत नाही, कारण तिथे आम्ही मुळात चुकीची वस्तू आणली होती. एचसी-एसआर०४ आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून अंतर काढतो. कूलरच्या आत तिन्ही बाजूंनी ताट्यांवरून पाणी गळतं, थेंब उडतात. सेन्सरच्या दोन डोळ्यांवर थेंब बसले की काहीही आकडे यायचे. चौथ्या दिवशी त्याच्या पिनांवर पांढरट-हिरवा थर आला. मग पाण्याला दाद न देणारा जेएसएन-एसआर०४टी आणायचं ठरवलं, पण त्याला साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही, आणि आमच्या टाकीची खोलीच २८ सेंटिमीटर. शेवटी प्लॅस्टिकचे दोन फ्लोट स्विच घेतले. आत लोहचुंबक आणि एक बंद काचेचा छोटा स्विच, पाणी उतरलं की फ्लोट खाली येतो आणि स्विच लागतो. एक तळापासून ९ सेंटिमीटरवर, “पाणी भरा” म्हणायला. दुसरा ५ सेंटिमीटरवर, “पंप बंद करा” म्हणायला. आम्हाला पाणी किती मिलिमीटर आहे हे कळायची गरजच नव्हती. हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. पाण्यावर लाटा उठतात म्हणून स्विच सलग पाच सेकंद लागलेला राहिला तरच खरं मानायचं, एवढं प्रोग्रॅममध्ये घातलं.

आता कूलर चालू केला. आणि इथून खरी परीक्षा सुरू झाली. आकडा घसरून ६०च्या घरात आला, मधेच पाच-पाच मिनिटं काहीच नाही, मग पुन्हा सुरळीत. शिवाय टाकी भरलेली असताना “पाणी भरा”ची खोटी हाक.

या टप्प्यावर आम्ही एक गोष्ट केली जिच्याबद्दल मला मनापासून समाधान आहे. प्रत्येक निरोपात दोन आकडे जोडले. पहिला, निरोपाचा अनुक्रमांक. दुसरा, नॅनो सुरू होऊन किती सेकंद झाले. स्वयंपाकघरातल्या नॅनोला लॅपटॉप जोडून रात्रभर सगळं उतरवून घेतलं. सकाळी चहा घेत त्या याद्या वाचल्या तर दोन वेगवेगळे रोग स्वच्छ दिसले. काही ठिकाणी अनुक्रमांक ४११वरून ४१५वर गेला होता आणि सेकंद मात्र बरोबर पुढे सरकले होते. म्हणजे पाठवणारा जागा होता, निरोप वाटेत हरवले. आणि काही ठिकाणी अनुक्रमांक पुन्हा १ आणि सेकंद पुन्हा शून्याजवळ. म्हणजे निरोप हरवला नव्हता, पाठवणाराच मधे बेशुद्ध होऊन पुन्हा उठला होता. बाहेरून बघताना दोन्हींचं लक्षण एकच, निरोप आला नाही. उपाय मात्र दोन टोकांचे. बिनतारी काहीही करत असाल तर पहिल्या दिवसापासून हे दोन आकडे घालाच. आठ बाइट लागतात, आणि एका निरोपात ३२ बाइट मावतात.

बेशुद्धीचं कारण आईने सांगितलं. ती म्हणाली, बाबा पहाटे गार झालं की पंप बंद करतात आणि उकडलं की पुन्हा लावतात. यादीतल्या वेळा आणि बाबांच्या वेळा जुळल्या. मोटर बंद होताना तिच्या गुंडाळीतली ऊर्जा स्विचच्या टोकांवर ठिणगी होऊन बाहेर पडते, आणि तो धक्का तारांवरून आजूबाजूच्या सगळ्यांना बसतो. आमच्या नॅनोचा अॅडॉप्टर त्याच एक्स्टेंशन बोर्डवर होता ज्यावर कूलर. फ्लोटच्या वायरीही कूलरच्या वायरीला बांधून आणलेल्या, दिसायला नीट म्हणून. खोट्या हाका तिथून येत होत्या. नॅनोच्या आतला पुल-अप, म्हणजे स्विच सुटा असताना वायर पॉवरच्या बाजूला धरून ठेवणारा रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमचा, फारच नाजूक. दीड मीटर वायरीवर तो टिकाव धरत नाही.

यातलं २३० व्होल्टचं काम मी स्वतः केलं नाही, आणि कुणी करू नये. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने पंपाच्या आणि पंख्याच्या स्विचवर ठिणगी शोषणारे स्नबर बसवले, म्हणजे १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीला चालणारा कपॅसिटर एकामागे एक. त्यानेच कूलरच्या अंगाचं अर्थिंग तपासलं. ते तुटलेलं होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. बाबा रोज रात्री त्या अंगाला हात लावत होते. अर्थिंग नीट करून घेतलं आणि त्या खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, बसवली. या सगळ्या खटाटोपातून दुसरं काही निघालं नसतं तरी मला चाललं असतं.

आमच्या बाजूने अॅडॉप्टर खोलीतल्या वेगळ्या सॉकेटवर नेला, फ्लोटच्या वायरी मोटरच्या वायरीपासून हातभर दूर केल्या, प्रत्येकीला बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप दिला. त्यानंतर सेकंदांचा आकडा एकदाही शून्यावर आला नाही.

राहिले वाटेत हरवणारे निरोप. वहीत तासागणिक आकडे काढले. पंप चालू असला की कमी, आणि रात्री आठ ते अकरा सगळ्यात कमी. पहिल्याचं कारण मोड्यूलची जागा. पाऊस-पाण्यापासून वाचावा म्हणून मी तो कूलरच्या आतच, वरच्या कोपऱ्यात ठेवला होता. म्हणजे लोखंडी पेटीत, आणि भोवती पाण्याने निथळणाऱ्या ताट्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना लोखंड अडवतं आणि पाणी शोषून घेतं. ताट्या कोरड्या असताना फटींतून थोडंफार बाहेर पडत होतं, भिजल्या की तेही बंद. मोड्यूल बाहेर काढला, प्लॅस्टिकच्या डब्यात घालून खिडकीच्या चौकटीला लावला, दोन्ही टोकांचे अँटेना उभे केले. एकदम १५ निरोपांचा फरक.

रात्रीचं कारण वायफाय. मी एका नमुन्यातून चॅनल ४० उचलला होता. एनआरएफचा चॅनल म्हणजे २४००मध्ये तेवढे मेगाहर्ट्झ मिळवायचे, म्हणजे २४४०. वायफायचा ६ नंबरचा चॅनल २४३७वर मध्य धरून दोन्हीकडे दहा-दहा मेगाहर्ट्झ पसरतो. आमचा राउटर ६वर, फोनवर बघितलं तर शेजारचे दोन्हीही ६वर. आठ ते अकरा म्हणजे आयपीएलची वेळ, घराघरांत फोन आणि टीव्ही त्याच वाटेवर. आम्ही भर बाजारात कुजबुजत होतो. चॅनल ८० केला, २४८०. वायफायच्या ११ नंबरच्या पलीकडे आणि परवान्याशिवाय वापरायला मोकळा असलेला पट्टा २४८३.५ला संपतो त्याच्या अलीकडे. मोड्यूल १२५पर्यंत जातो, काही जण १०८ वगैरे वापरायला सांगतात, पण तो पट्टा आपला नाही, म्हणून मी तिकडे गेले नाही.

वेग २५० किलोबिटवर आणला. आमच्या निरोपात असतंच काय, दोन स्विच आणि दोन तापमानं. कमी वेगावर हा रेडिओ उणे ९४ डीबीएमपर्यंतचं (आकडा जितका उणे तितका सिग्नल क्षीण) ऐकतो, २ मेगाबिटवर उणे ८२पर्यंतच. सावकाश बोललं की लांबून ऐकू येतं. फक्त हा वेग नावात शेवटी प्लस असलेल्या चिपलाच जमतो, आणि दोन्ही टोकांना सारखा ठेवावा लागतो.

तापमानाचं एक सांगायचं राहिलं. ५ मेला दुपारी स्वयंपाकघरातल्या नॅनोच्या छोट्या पडद्यावर पाण्याचं तापमान ८५ आलं. उन्हात कूलरचा पत्रा असा तापतो की हात ठेववत नाही, त्यामुळे मला क्षणभर ते खरंच वाटलं आणि मी पळतच मागे गेले. पाणी गार होतं. डीएस१८बी२० सुरू झाल्याबरोबर, पहिलं मोजमाप होण्याआधी, जो आकडा हातात ठेवतो तो नेमका ८५ असतो. त्याला बारीक मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात. त्याआधी विचारलं, किंवा मधेच त्याची पॉवर क्षणभर गेली, तर तो ८५ देतो. आमच्या जंपर वायरीचं टोक पाण्याच्या वाफेने गंजून सैल झालं होतं. दोन दिवसांनी तीच वायर पूर्ण सुटली तेव्हा आकडा उणे १२७ आला. हा सेन्सरचा नाही, लायब्ररीचा संकेत, “कुणी सापडलं नाही” असा. ८५ म्हणजे सेन्सर आहे पण नुकताच दचकून उठला, उणे १२७ म्हणजे सेन्सर तारेवर नाहीच. तेव्हापासून ओल्या जागी जंपर वायर वापरायची नाही, असं ठरवलं. सगळे जोड सोल्डर केले, वर तापवली की आवळणारी हीट-श्रिंक नळी.

१३ मे. दर ३० सेकंदांनी एक, असे २४ तासांत २८८० निरोप निघाले, २८७१ पोचले. आता नऊ निरोप कुठे गेले याचा शोध मी घेतला नाही. लागोपाठ दोन कधीच हरवले नाहीत, आणि पाणी ३० सेकंदांत संपत नाही.

त्याच रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी बझर वाजला. मी उठले, स्वयंपाकघरातला दिवा लावला. पडद्यावर “पाणी भरा”. मागचं दार उघडून नळी टाकीत सोडली आणि पायरीवर बसले. कूलरचा घरघराट चालू होता, गच्चीवरून अजून गरम झळ येत होती. खिडकीतून आत बघितलं तर बाबा कुशीवर झोपले होते. टॉर्च उशाशी होता. वरचा फ्लोट उचलला गेला तसा बझर आपोआप थांबला. मी टाकी भरू दिली, नळ बंद केला.

सकाळी त्यांनी चहा घेताना विचारलं, “रात्री पाणी कोणं भरलं?”